धोंड्यांची वाटणी

आयुष्यात मी एकच लढाई लढलो, आणि ती दगडांशी. तीही हरलो. आता दगडांकडून हरलेल्या माणसानं त्याच लढाईची समीक्षा लिहावी का, असं कुणी विचारील. पण कादंबरी न जमलेला माणूस कादंबरीवर लिहितो, गळा नसलेला माणूस गाण्यावर लिहितो, मग मी माझ्या धोंड्यांवर लिहिलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?

हे धोंडे आमच्या घरी आले १९८९ च्या मे महिन्यात, पुण्याहून, भाच्याच्या पिशवीतून. त्याआधी भाचे मामाकडे यायचे ते आंबे खायला आणि विहिरीत पोहायला. हा आला तो काखेत एक काळी चपटी पेटी मारून. "मामा, हा कॉम्प्युटर," म्हणाला. मेहकरहून लोणारकडे जाताना आमचं गाव लागतं. त्या गावानं तोवर कॉम्प्युटर हा शब्द फक्त 'पोरगं बारावीनंतर काय करणार' या चर्चेत ऐकला होता. तो एवढासा असतो आणि एस.टी.नं येतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं इंग्लंडातल्या 'स्पेक्ट्रम'चा परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला होता, तो हा. स्मृती ४८ किलोबाइट. आज सकाळी उठून एखादा मित्र मोबाइलवर 'सुप्रभात' लिहिलेलं गुलाबाचं फूल पाठवतो, ते फूलसुद्धा एवढ्या जागेत मावायचं नाही. या कॉम्प्युटरला स्वतःचा पडदा नव्हता. टीव्ही आपला लावायचा. कार्यक्रम साठवायला स्वतःची सोय नव्हती. टेपरेकॉर्डर आपला जोडायचा. थोडक्यात, घरजावई. येताना फक्त डोकं घेऊन आलेला, बाकी सगळं सासऱ्याचं.

'जे' अक्षराची कळ दाबली की पडद्यावर 'लोड' असा अख्खा शब्द उमटायचा. मग टेप सुरू करायची. ज्या टेपरेकॉर्डरवर आमच्या घरी पहाटे हरिपाठ लागायचा, त्यातून त्या दुपारी जो आवाज निघाला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. चार-पाच मिनिटं सलग किंचाळणं. शेजारच्या काकू पदराला हात पुसत धावत आल्या आणि "काय झालं व, मांजर सापडली काय दारात?" म्हणाल्या. भाचा म्हणाला, "खेळ येतोय." काकू म्हणाल्या, "येऊन राह्यला का जाऊन राह्यला?"

अखेर खेळ आला. कॅसेटवर भाच्यानं बॉलपेननं नुसतं 'दगड' असं लिहिलं होतं. इतकं प्रामाणिक शीर्षक मराठी वाङ्मयात मी फार पाहिलेलं नाही.

पडदा काळा. मधोमध एक त्रिकोणी जहाज, मोडलेल्या पापडाच्या तुकड्याएवढं. चहूबाजूंनी मोठे धोंडे तरंगत येतात. आपण जहाज जागच्या जागी गोल फिरवायचं, पुढे रेटायचं, गोळी झाडायची. धोंडा लागला की मेलो. संपलं कथानक. पात्रं नाहीत, नायिका नाही, शेवट गोड नाही. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. या खेळात संवाद अजिबात नाही, विरोध भरपूर आहे, आणि समतोल गेला की पहिल्यापासून सुरुवात.

मूळ खेळाचं नाव 'ॲस्टेरॉइड्स'. अमेरिकेतल्या अटारी कंपनीनं तो १९७९ साली काढला. कल्पना लाइल रेन्स यांची. ती यंत्रात उतरवली एड लॉग यांनी. तो खेळ गोदरेजच्या कपाटाएवढ्या यंत्रावर, नाणं टाकून, उभ्यानं खेळायचा असे. पुढे घरगुती कॉम्प्युटर आले आणि ज्यानं त्यानं आपापली नक्कल काढली. सायननं स्पेक्ट्रमसाठी 'प्लॅनेटॉइड्स' काढला, ॲकॉर्नसॉफ्टनं बीबीसी कॉम्प्युटरसाठी 'मीटिअर्स' काढला. दोन्ही १९८२ सालचे. हा बीबीसी म्हणजे बातम्या सांगणाऱ्या बीबीसीच्याच नावाचा कॉम्प्युटर. १९८४-८५ मध्ये आपल्या सरकारनं 'क्लास' नावाची योजना काढून देशातल्या २५० शाळांना जे कॉम्प्युटर दिले, ते बीबीसी.

नकलेत मूळचं काय हरवलं, हे समीक्षकानं सांगायलाच हवं. मूळ यंत्राच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत थेट रेघ ओढायचा, शिसपेन फिरवल्यासारखी. काळ्यावर पांढरी, लखलखीत. घरगुती कॉम्प्युटरला रेघ ओढता येत नव्हती. तो ठिपक्यांनी चित्र भरायचा. त्यामुळे तिकडचा धोंडा कोरलेला दिसे, आणि आमचा धोंडा घाटाच्या पायऱ्या मोडून आणल्यासारखा. पण आमचा टीव्हीही काळा-पांढरा असल्यामुळे रंगाच्या बाबतीत आम्ही मूळ कलाकृतीशी आपोआप प्रामाणिक राहिलो. गरिबीचे असे काही वाङ्मयीन फायदे असतात.

आता मुद्द्याचं. गोळीबाराचे खेळ त्याआधीही होते. १९७८ साली जपानात ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. त्यात वरून रांगेनं शत्रू उतरतात आणि आपण खालून एकेकाला टिपतो. एक मारला की एक कमी. हा हिशेब आपल्याला लहानपणापासून शिकवलेला असतो: शंभर कौरव, एक मारला, नव्व्याण्णव राहिले. निशिकादोंच्या खेळात जसजसे शत्रू कमी होतात तसतसे उरलेले अधिक जोरात पळतात, कारण यंत्राला चित्रं कमी काढायची असतात आणि त्याचा हात मोकळा होतो. पण तरी कमी होतात, हे महत्त्वाचं.

धोंड्यांच्या खेळात मात्र मारलं की वाढतं. एक मोठा धोंडा फोडला की त्याचे दोन मध्यम. प्रत्येक मध्यम फोडला की दोन बारके. बारका फोडला की मगच तो नाहीसा. म्हणजे एका धोंड्याचा निकाल लावायला सात गोळ्या. पहिल्या फेरीत धोंडे चार, म्हणजे अठ्ठावीस गोळ्या, आणि त्याही एकही वाया गेली नाही तर. माझ्या हातून दीडशे जायच्या. त्यातून धोंडा जितका लहान तितका पळायला चपळ. आणि उजवीकडून पडद्याबाहेर गेला म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, तर तोच डावीकडून आत हजर, चहा घेऊन गेलेला पाहुणा छत्री विसरली म्हणून परत यावा तसा.

गुणांची वाटणी तर फारच मार्मिक आहे. मूळ खेळात मोठ्या धोंड्याला २० गुण, मधल्याला ५०, आणि बारक्याला १००. तुकडा जितका लहान, तितका भाव मोठा. हे कोष्टक मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते उलटं वाटलं. ते सुलटं आहे हे कळायला मला पुढं दोन वर्षं लागली.

आबा, म्हणजे आमचे वडील, बाजेवर बसून माझी लढाई बघत होते. मी शिरस्त्याप्रमाणे पडद्यावर दिसेल तो मोठा धोंडा फोडत सुटलो होतो. सगळीकडे नुसता मुरूम झाला होता आणि त्यात माझं जहाज चाळणीत अडकलेल्या खड्यासारखं थडथडत होतं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"अरे, तो मोठा धोंडा काहून फोडतं तू? तो आपल्या वाटनं चालला हाय ना. फोडला का दोन होतेत, अन् दोघाईले पाय फुटतेत."

भाचा म्हणाला, "आबा, फोडल्याशिवाय गुण मिळत नाहीत."

"गुन घेऊन करतं काय? त्याची ज्वारी येते काय?"

सगळे हसले. मीही हसलो. या खेळावर मी आजवर जे काही ऐकलं-वाचलं आहे, त्यात या दोन वाक्यांच्या तोडीचं काही नाही. पण समीक्षा घरच्या माणसानं केली की आपण तिला टोमणा समजतो.

१९९१ साली आमच्या घरी वाटणी झाली. ती मी मागितली होती. चोवीस एकर, आम्ही दोघं भाऊ, बारा-बारा झाली. आजोबांच्या वेळी अठ्ठेचाळीस होती, म्हणजे हा खेळ आमच्या घरी अटारी कंपनीच्या आधीपासून चालू होता. अठ्ठेचाळीस एकर होती तोवर भांडण हे भाऊबंदकीतलं, सावकाश, पिढीला एक असं चालायचं. चोवीस एकराला ते दर हंगामाला आलं. बारा एकर झाल्यावर ते थेट धुऱ्यावर आलं, रोज आणि धावत. धुरा म्हणजे तुमच्याकडचा बांध. दादांचा नांगर धुऱ्यात वीतभर शिरला असं माझं म्हणणं, आणि धुराच माझ्या अंगाला वीतभर सरकला आहे असं दादांचं. चोवीस एकरासाठी आबांनी कधी आवाज चढवला नव्हता. वीतभर मातीसाठी आम्ही सख्ख्या भावांनी सहा वर्षं तारखा केल्या. मोठ्याला २०, बारक्याला १००. कोष्टक बरोबर होतं.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मुंबई इलाख्यात १९४७ सालीच तुकडेबंदीचा कायदा झाला आणि पुढे तो आमच्याकडेही लागू झाला. जमिनीचे तुकडे पाडू नका आणि पडलेले जोडा, असं तो सांगतो. त्यात पाडू नका याला बंदी म्हणतात आणि जोडा याला एकत्रीकरण. रेन्स आणि लॉग यांच्या खेळात एकत्रीकरणाची कळ नाही. आमच्या शिवारात ती कागदावर आहे.

कोर्टाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, या खेळातल्या खेळाडूंनी एक युक्ती शोधून काढली होती. खेळात मधूनच एक उडती तबकडी येते. मोठी तबकडी बिनडोकपणे कुठंही गोळ्या झाडते. छोटी नेम धरून मारते, पण तिला मारलं तर १,००० गुण. तेव्हा हुशार खेळाडू सगळे धोंडे फोडायचे, एक बारका तेवढा शिल्लक ठेवायचे आणि आरामात तबकड्या टिपत बसायचे. फेरी संपूच द्यायची नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या दाव्यातल्या तारखा आठवल्या. एक बारका मुद्दा कुणीतरी कायम जिवंत ठेवत होतं, आणि गुण आम्हां दोघा भावांना मिळत नव्हते एवढं नक्की.

जीव फारच कोंडला तर खेळात आणखी एक कळ आहे. ती दाबली की जहाज अदृश्य होतं आणि पडद्यावर दुसरीकडे कुठंतरी उगवतं. कुठं, ते आपल्या हातात नाही. कधी मोकळ्या जागी, कधी नेमकं धोंड्याच्या पुढ्यात, आणि कधी उगवता उगवताच फुटतं. सरकारी नोकरीत या कळीला बदलीचा अर्ज म्हणतात. मी तीही दाबून पाहिली. तालुका बदलला, धुरा डोक्यातच होता.

दगडांची गोष्ट निघाली आणि लोणारच्या बाजूचा माणूस गप्प बसला, असं होत नाही. खरा धोंडा आमच्याकडे पडलेला आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं आणि दीडशे मीटर खोलीचं विवर त्यानं काळ्या बेसाल्टात पाडलं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचं की उल्केचं यावर पुढे दीडशे वर्षं वाद झाला, आणि १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते उल्केचंच असल्याचा पुरावा छापून आला. वय आधी बावन्न हजार वर्षं सांगत, २०११ च्या मोजणीनंतर सुमारे पाच लाख सत्तर हजार सांगतात. थोड्याच अंतरावर अंबर तळं नावाचा लहान खळगा आहे. तो त्याच धोंड्याच्या तुकड्यानं पडला असं काही अभ्यासक म्हणाले, इतरांनी मान्य केलं नाही. म्हणजे तिथंही वाटणीचा वाद आहेच.

पण आमच्या लोकांना नुसता धोंडा पुरला नाही. त्यांनी सांगितलं, इथं लोणासुर राहत होता, आणि विष्णूनं दैत्यसूदनाचं रूप घेऊन त्याला मारलं. त्या दैत्यसूदनाचं देखणं देऊळ आजही लोणार गावात उभं आहे. मी बरीच वर्षं या कथेला हसत असे. आता हसत नाही. कारण धोंड्याला राग नसतो, लोभ नसतो, त्यानं आपल्यावर नेम धरलेला नसतो. तो आपला चाललेला असतो आणि आपण मध्ये येतो. ही गोष्ट माणसाला सहन होत नाही. इतका मोठा खड्डा पडला आणि त्यात कुणाचाच दोष नाही, असं कसं? मग कुणीतरी असुर लागतो. एड लॉग यांच्या खेळातही तेच झालं. नुसते धोंडे पुरले नाहीत, म्हणून नेम धरून मारणारी तबकडी आली. ती आली आणि खेळणाऱ्याला हायसं वाटलं, कारण आता रागवायला कुणीतरी मिळालं.

माझी तबकडी दादा होते. सहा वर्षं मी त्यांच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं. आता सातबारा पुढ्यात घेऊन बसलो की दिसतं, नेम कुणी धरलाच नव्हता. जमीन तेवढीच, माणसं वाढली, आणि मधल्या मधे मी एक गोळी झाडली.

या खेळाचं मोठेपण मला इथं वाटतं. बाकीचे खेळ सांगतात की गोळी झाडल्यानं प्रश्न मिटतो. हा सांगतो की गोळी झाडल्यानं प्रश्नाला पिलं होतात, आणि ती मिटवायची जबाबदारीही तुझीच. एक दोष मात्र दाखवलाच पाहिजे. अवकाशात एकदा सुटलेलं जहाज आपोआप थांबत नाही. मूळ खेळात मात्र रेटा सोडला की ते हळूहळू मंदावतं. शास्त्राच्या दृष्टीनं ही चूक आहे. रचणाऱ्यानं खेळाडूवर केलेली ही एवढीच दया, आणि माझा तिच्यावर राग नाही.

जिंकायचं म्हणाल तर यात कुणी जिंकत नाही. १९८२ साली अमेरिकेत स्कॉट सॅफ्रन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलानं ४,१३,३६,४४० गुण केले. तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. पण यंत्राचा आकडा लाखाला पोचला की पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे त्या पोरानं चारशे तेरा वेळा शून्य पाहिलं. त्याला आबांचा प्रश्न विचारायला हवा होता, ज्वारी किती आली म्हणून.

अर्थात आबांचंही सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मोठा धोंडा फोडूच नये, नुसतं अंग चोरून बाजूला व्हावं, हे तत्त्वज्ञान चांगलं. पण तसं खेळत राहिलं तर फेरी संपत नाही, गुण शून्य, आणि जन्म नुसता चुकवण्यात जातो. आबांचा गेला. त्यांच्या भावाशी त्यांचं जे होतं ते त्यांनी कधी बोलूनच टाकलं नाही. न फोडलेला धोंडा ते आमच्यासाठी ठेवून गेले. म्हणजे फोडलं तरी पंचाईत, न फोडलं तरी पंचाईत. मग खेळायचं कसं?

याचं उत्तर मला गेल्या दिवाळीत मिळालं, आणि तेही दादांकडून. आमचा दावा केव्हाच मिटला आहे. धुरा आहे तिथंच आहे, त्यावरच्या बाभळीला कोर्टाच्या भीतीनं सहा वर्षं कुणी हात लावला नाही, त्यामुळे ती चांगली पोसली आणि आता दोन्ही घरचे गडी तिच्याच सावलीत डबा खातात. तिथं आम्ही बसलो होतो. दादांच्या नातवाच्या मोबाइलवर तो खेळ होता. तेच धोंडे, तोच पापडाचा तुकडा. फक्त टेपची किंचाळी नाही. मी आधी खेळलो आणि नेहमीप्रमाणे चारही धोंडे फोडून मुरमात गाडला गेलो. मग दादांनी मोबाइल घेतला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे बारीक केले. त्यांनी एकच मोठा धोंडा फोडला. बाकीच्या तिघांना हात लावला नाही, नुसते चुकवत राहिले. त्या एकाचे दोन झाले, तर त्यातला एकच धरला, त्याचे बारके पार संपवले, मग दुसरा. सात गोळ्यांच्या ठिकाणी दहा-बारा लागल्या असतील. एक घर पूर्ण साफ झाल्यावरच त्यांनी पुढच्या मोठ्याकडे तोंड वळवलं.

मी विचारलं, "हे कुठं शिकलास दादा?"

"शिकाचं काय त्याच्यात? निंदन कसं करतं तू? एक तास पुरं कराचं, मंग दुसरं धराचं."

शेवटी पडद्यावर एकच बारका उरला. दादांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "घे, हा तू फोड."

मी जहाज फिरवलं, श्वास रोखला, नेम धरला आणि गोळी झाडली. ती चुकली. बारका धोंडा उजव्या कडेनं निवांत बाहेर निघून गेला.

"राहू दे," दादा म्हणाले आणि तंबाखूची डबी उघडून माझ्यापुढे धरली. "येते तो फिरून."